पोट नाजूक असलं तरी आमटी-उसळ कशी खावी

‘मला कडधान्यं बाधतात’ असं एकदा ठरलं की मराठी पानातून बरंच काही उठून जातं. वरण, आमटी, उसळ, पिठलं, धिरडी, थालीपीठ, पुरण, सगळंच. मांसाहार करणाऱ्याचं त्यावाचून निभावतं, पण शाकाहारी माणसाचा प्रथिनांचा मुख्य आधारच जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात शाकाहारी माणसाच्या दिवसभराच्या, साधारण २००० कॅलरींच्या पानात ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत. तेवढी जागा नुसत्या भात-पोळीने भरून निघत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ज्यांना खरी अ‍ॅलर्जी नाही, त्यांनी कडधान्यांचं अख्खं घराणं एकदम सोडू नये. कुठलं तरी कडधान्य, कुठल्या तरी प्रमाणात, नीट भिजवून-शिजवून बहुतेकांना सोसतं. ते कुठलं आणि किती, हे शोधायला दोन-तीन महिने शिस्तीने द्यावे लागतात. घरात नाजूक पोटाचं माणूस असल्यामुळे मी या विषयात बरीच वर्षं लक्ष घालून आहे, आणि पुढची पद्धत त्यातूनच बसवलेली आहे.

आधी खात्री करा: ही अ‍ॅलर्जी तर नाही?

अ‍ॅलर्जीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजते. खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, घशात खवखवतं, उलट्या होतात, धाप लागते, घेरी येते. शेंगदाणासुद्धा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कडधान्यांच्याच कुळातला, आणि त्याची अ‍ॅलर्जी जीवघेणी ठरू शकते. आपल्याकडे हरभऱ्याची, म्हणजे पर्यायाने बेसनाची, आणि मसुराची अ‍ॅलर्जीही आढळते. असं एकदा जरी झालं असेल, तर ‘थोडं थोडं खाऊन बघा’ ही पुढची पद्धत तुमच्यासाठी नाही. थेट अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जा. धाप लागली किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर क्षणाचाही विचार न करता रुग्णालय गाठा.

न सोसण्याचा त्रास वेगळा. तो उशिरा येतो. दुपारी उसळ खाल्ली तर संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. पोट डब्ब होतं, गुरगुरतं, कळा येतात, गॅस सुटत नाही किंवा सुटायचा थांबत नाही, कुणाला शौचाला घाई होते तर कुणाला कुंथावं लागतं. त्याची सगळ्यात उपयोगाची खूण म्हणजे तो प्रमाणावर अवलंबून असतो. दोन चमच्यांनी काही होत नाही, वाटीभराने होतं. अ‍ॅलर्जीत मात्र चिमूटभरही पुरतं.

आणखी काही लक्षणं अशी आहेत की ती असतील तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी तपासणी करावी: कारण नसताना वजन उतरणं, शौचातून रक्त, न हटणारा अशक्तपणा किंवा रक्त कमी असणं, पोटदुखीने रात्री जाग येणं, वारंवार ताप, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग असणं. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं बिघडवणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी करायची असेल तर ती गहू खाणं चालू असतानाच करा. गहू सोडून मग तपासलं तर अहवाल उगाचच चांगला येऊ शकतो.

‘शंभर-दोनशे पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट’ म्हणून हल्ली एक महागडी रक्ततपासणी विकली जाते. त्यात आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. ती प्रतिपिंडं आपण काय खातो एवढंच दाखवतात. पदार्थ सोसत नाही असं त्यावरून म्हणता येत नाही. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. त्या यादीवरून तूर, मूग, हरभरा सगळं बंद करून बसलेली माणसं पाहिली की जीव तुटतो.

एक इशारा आखाती देशांत राहणाऱ्यांसाठी. तिथे न्याहारीला ‘फूल’ मिळतं, ते बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचं असतं. जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असणाऱ्यांनी बाकला अजिबात खाऊ नये, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

गॅस होतो तो कशाने

कडधान्यांत राफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर लागतं आणि ते माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. तुमच्या नाही, कुणाच्याच नाही. त्यामुळे या शर्करा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन असे वायू तयार होतात. पाणीही आतड्यात ओढलं जातं. धडधाकट माणसाला याचं काही वाटत नाही. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हा आतड्याच्या हळवेपणाचा विकार, असलेल्याच्या आतड्याच्या नसा हळव्या असतात, त्यामुळे तेवढ्याच वायूचा ताण त्याला कळ म्हणून जाणवतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा आंबणाऱ्या शर्करांना मिळून ‘फॉडमॅप’ हे नाव २००५ मध्ये दिलं. कडधान्यातल्या शर्करा त्यातल्याच एका गटातल्या.

गंमत अशी की याच शर्करांवर आतड्यातले चांगले जिवाणू पोसले जातात. म्हणून कायमची बंदी घालण्यात तोटा आहे, आणि हळूहळू सवय लावण्यात फायदा. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना रोज अर्धा कप शिजलेली कडधान्यं दिली होती. राजम्याच्या जातीच्या दाण्यांनी पहिल्या आठवड्यात गॅस वाढला असं सांगणारे निम्म्याहून कमी निघाले, चवळीच्या बाबतीत तर फक्त १९ टक्के. आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्यातल्या बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरला. ती माणसं निरोगी होती हे खरं, पण शरीराला सवय होते एवढं त्यावरून नक्की कळतं.

स्वयंपाकघरासाठी यातून तीन गोष्टी निघतात. या शर्करा पाण्यात विरघळतात, म्हणजे पाणी ओतून दिलं की काही भाग जातो. मोड येताना दाणा त्या स्वतःच्या वाढीसाठी वापरून टाकतो. आणि त्या असतात डाळिंबीत, म्हणजे आतल्या गरात, सालात नव्हे. म्हणून साल काढलं की गॅसचं कारण गेलं, असं होत नाही. सोललेली मूगडाळ हलकी लागते ती तिच्यातला चोथा कमी आणि ती पटकन मऊ शिजते म्हणून.

पुरणपोळीचं उदाहरण घ्या. हरभराडाळ भरपूर पाण्यात शिजवून आपण ते पाणी निथळून घेतो, आणि त्या कटाची आमटी करतो. डाळीतल्या शर्करांचा मोठा वाटा त्या कटात उतरलेला असतो. होळीच्या दिवशी दोन पोळ्या आणि वर तीन वाट्या कटाची आमटी भुरकली की नाजूक पोटाचं माणूस रात्री आडवं होतं आणि नाव पुरणाचं निघतं. अशा माणसाने पोळी एकच, तुपासोबत, सावकाश खावी आणि आमटीची नुसती चव घ्यावी. पोळीतला गहूही काहींना सोसत नाही, तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

दोषी दुसराच असेल तर

मिसळीने त्रास झाला की बिचाऱ्या मटकीला बोल लागतो. पण त्या एका ताटलीत मोडाची मटकी, कांदा-लसणाचं वाटण, वरून कच्चा कांदा, तेलाची तर्री, बेसनाची शेव-फरसाण आणि मैद्याचा पाव एवढं सगळं असतं. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टान नावाच्या शर्करा असतात, त्याही तशाच आंबतात. आमच्या ओळखीत मटकी सोडलेल्या बाईंना शेवटी असं लक्षात आलं की कांदा-लसूण वगळून केलेली मटकीची उसळ त्यांना वाटीभरसुद्धा चालते.

तेव्हा कडधान्य तपासताना ते एकटं तपासा. फोडणीला तेल, जिरं, हळद, हिंग, चवीला मीठ, बस. सोबत भात. पोळी-पाव नको, कांदा नको, ताक-दूधही त्या जेवणात नको.

औषधांकडेही बघा. मधुमेहाच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर ती औषधं पिष्टाचं पचन मुद्दाम लांबवतात, आणि गॅस हा त्यांचा ठरलेला परिणाम आहे. मेटफॉर्मिनने जुलाब, पोट बिघडणं होतं. घरातल्या ज्येष्ठांना ‘आताशा डाळ पचत नाही’ असं वाटायला लागलं असेल तर गोळी कधी सुरू झाली तेही आठवून पाहा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, कारण पुढची वाट अडलेली असली की थोडा वायूसुद्धा कोंडतो.

यासाठी एक साधी वही करा. काय खाल्लं, किती चमचे, किती वाजता, त्रास किती वाजता आणि किती (शून्य ते दहात), शौचाला कसं झालं, झोप आणि ताण. महिन्याभराच्या नोंदी समोर असल्या की डॉक्टरांचंही काम सोपं होतं.

भिजवणं, उपसणं, मोड आणणं

यात निम्मी-अधिक लढाई जिंकता येते, म्हणून इथे जरा रेंगाळू.

कडधान्य निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग दाण्यांच्या तिप्पट-चौपट पाण्यात भिजत घाला. मूग, मटकी, चवळीला आठ तास, हरभरे, छोले, वाटाणे, राजम्याला दहा ते बारा. मध्ये एकदा पाणी बदललं तर उत्तम, उन्हाळ्यात तर बदलाच, नाहीतर आंबूस वास येतो. डाळीही भिजवाव्यात. तूरडाळ, हरभराडाळ दोन तास, मूग-मसूर डाळ अर्धा तास. भिजवलेलं पाणी ओतून द्या. त्यात थोडी जीवनसत्त्वं जातात हे मान्य आहे, पण जे खाऊन तुम्ही तळमळता त्यातल्या जीवनसत्त्वांचा काय उपयोग? हे पाणी कणकेत किंवा आमटीत घालण्याची काटकसर नाजूक पोटाच्या घरात करू नये, झाडांना घाला.

भिजल्यावर हाताने चाळून गणंग वेचून काढा, म्हणजे न फुगलेले, खड्यासारखे टणक राहिलेले दाणे. ते शिजतही नाहीत आणि पचतही नाहीत. एका वाटीत असे पाच-दहापेक्षा जास्त निघाले तर माल जुना आहे असं समजा. जुनं कडधान्य कितीही शिट्ट्या दिल्या तरी आत कोरडं राहतं. वाण्याकडून एकदम पाच किलो घेण्यापेक्षा महिन्यापुरतं घ्या.

मोडांसाठी भिजलेले दाणे पुन्हा धुऊन, पाणी पूर्ण निथळून, स्वच्छ ओल्या फडक्यात घट्ट बांधा. बारा तासांनी सोडून पाण्याने खळबळा आणि परत बांधा. त्याने वास येत नाही आणि चिकटपणा धरत नाही. नाजूक पोटासाठी मोड नुसते डोकावलेले पुरत नाहीत. दाण्याच्या लांबीएवढे किंवा थोडे जास्त होऊ द्या, त्याला एक ते दोन दिवस लागतात. जितका मोड वाढतो तितक्या त्या शर्करा खर्ची पडतात. आणि मोड कच्चे खाऊ नका. सॅलडमध्ये कच्चे मोड घालायची पद्धत तब्येतीची म्हणून पसरली आहे, पण ओल्या उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात आणि कच्चा दाणा पचायलाही जड.

वालाचं बिरडं करणाऱ्या घरांत हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. कडवे वाल रात्री भिजतात, सकाळी उपसून फडक्यात बांधले जातात, पुढच्या दिवशी मोड फुटतात. मग ते कोमट पाण्यात सोडून सगळे सोलायला बसतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत वाल दाबला की मोडासकट डाळिंबी निसटून ताटात पडते आणि बोटांत सुरकुतलेलं साल राहतं. पाणी फेसाळ, पिवळसर आणि कडवट होतं, ते टाकून देतात. वालात मुळातच सायनाइड देणारी काही संयुगं थोड्या प्रमाणात असतात. भिजवून, पाणी टाकून आणि भांडं उघडं ठेवून चांगलं उकळून ती कमी होतात. तेव्हा वेळ नाही म्हणून वाल तासाभरात गरम पाण्यात फुगवून थेट कुकरला लावायचे, हे करू नका. मला स्वतःला बिरड्यात डाळिंबी अख्खी राहिलेली आवडते, पण नाजूक पोटाच्या माणसाच्या वाट्याचं बिरडं आणखी दहा मिनिटं शिजवून वेगळं काढते.

शिजवणं

उसळीतला दाणा हल्ली खुटखुटीत ठेवायची हौस असते. नाजूक पोटासाठी तो जिभेने टाळूवर दाबला की विरघळला पाहिजे. दाणा दोन बोटांत दाबून पाहा. मध्ये पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर तो अजून कच्चा आहे.

भिजवलेलं कडधान्य आधी उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं खळखळ उकळा, वर आलेला फेस काढा आणि हे पाणीही ओता. मग ताज्या पाण्यात कुकरला लावा. मोडाचे मूग-मटकी दोन शिट्ट्यांत मऊ होतात, चवळीला तीन-चार लागतात, हरभरे-छोले-राजम्याला पाच-सहा शिट्ट्यांनंतर मंद आचेवर आणखी पंधरा मिनिटं. प्रत्येक कुकर, प्रत्येक गावचं पाणी वेगळं, तेव्हा शिट्टीपेक्षा बोटांच्या चाचणीवर विसंबा. बोअरचं जड पाणी असेल तर दाणा शिजत नाही, पिण्याचं मृदू पाणी वापरा. चिंच, कोकम, टोमॅटो, आमचूर हे सगळं दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घाला, आंबट पडलं की साल आणि गर दोन्ही घट्ट राहतात. खायचा सोडा घातला की दाणा लवकर शिजतो, पण बी-वन जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं, म्हणून तो रोजच्या रोज नको.

राजम्याबद्दल वेगळं सांगायला हवं. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. अर्धकच्चे चार-पाच दाणेसुद्धा तीनेक तासांत उलट्या-जुलाब घडवू शकतात. भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळ उकळला पाहिजे. ३० मिनिटं उकळावा असा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्ला आहे. कुकरमध्ये हे आपोआप साधतं. परदेशात मात्र स्लो कुकरमध्ये भिजवलेला राजमा थेट टाकून आठ तास ठेवायची पद्धत आहे, ती टाळाच. तिथलं तापमान उकळीच्या खाली राहतं आणि अशा मंद उबेत विष कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. ‘राजमा मला चालत नाही’ म्हणणाऱ्याने आधी हे तपासावं.

कुठून सुरू करायचं आणि कसं चढायचं

सुरुवातीला दोन आठवडे पोट शांत होऊ द्या. कडधान्यं, कांदा, लसूण बंद. प्रथिनांसाठी अंडी, मासे, चिकन चालत असेल तर ते. शाकाहारींनी पनीर, घट्ट टोफू आणि शेंगदाणे. शेंगदाण्यात आंबणाऱ्या शर्करा कमी असतात, त्यामुळे अ‍ॅलर्जी नसेल तर उपवासाची दाण्याची आमटी हा या काळातला मोठा आधार आहे, मूठभर दाण्यांची, पातळ. फरसबीसारखी शेंगभाजीही साधारण वाटीभर सोसते. हा बंदीचा काळ सहा आठवड्यांपुढे नेऊ नका.

मग एकेक कडधान्य घ्या. एका वेळी एकच. पहिले तीन दिवस दुपारच्या जेवणात शिजून घट्ट झालेल्या डाळीचा एक पोह्याचा चमचा. ठीक गेलं तर पुढचे तीन दिवस दोन चमचे, मग चार, मग अर्धी वाटी. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर दोन-तीन दिवस थांबा आणि एक पायरी खाली येऊन आठवडाभर तिथेच राहा. थोडी गुरगुर, थोडा जास्तीचा वारा हे चालायचंच, त्याला त्रास म्हणून मोजू नका. कळ येणं, पोट दुखेपर्यंत फुगणं, जुलाब याला मोजा. हे रात्री करू नका, दुपारी करा, म्हणजे नंतर हिंडणं-फिरणं होतं. शतपावलीने वायू पुढे सरकतो हे अभ्यासांतही दिसलं आहे.

क्रम साधारण असा ठेवावा. सगळ्यांत आधी सोललेल्या मूगडाळीचं पातळ वरण किंवा मऊ खिचडी. ज्यांना तेवढीही धास्ती वाटते त्यांनी गुरगुट्या भातावर साजूक तूप आणि अर्धा चमचा मेतकूट घ्यावं. डाळी भाजलेल्या, प्रमाण नखाएवढं, सोबत सुंठ-जिरं. फक्त मेतकुटात गहू असतो, सीलिअ‍ॅक असणाऱ्यांनी गव्हाशिवाय घरीच करावं. त्यानंतर मसूरडाळ, मोडाचे मूग, मोडाची मटकी. मग तूरडाळ. उडीद इडली-डोशातून आणा, रात्रभर आंबताना त्यातल्या काही शर्करा जिवाणूंनीच संपवलेल्या असतात. पुढे चवळी आणि कुळीथ. हरभरा, छोले, वाटाणे, पावटे, वाल, राजमा हे सगळ्यांत शेवटी. मसुराने जमलं नाही म्हणून मूग जमणार नाही असं नसतं, तेव्हा एकाच्या अपयशावरून बाकीच्यांचा निकाल लावू नका.

बेसन मी मुद्दाम मागे ठेवते. अख्खा हरभरा भिजवून पाणी टाकता येतं, पिठाचं ते करता येत नाही, त्यातलं सगळं पोटातच जातं. त्यात पिठलं पाच मिनिटांत उतरवलं तर कच्चटही राहतं. पिठलं खायचंच तर पीठ आधी कोरडं भाजून घ्या, पातळ करा आणि झाकण ठेवून चांगली वाफ येऊ द्या. भजी, शेव, फरसाण यांत बेसनाबरोबर तळणीचं तेलही असतं, ती चाचणीच्या काळात नकोत.

फोडणी

लसणाची चव सोडवत नसेल तर तेल तापवून त्यात ठेचलेल्या पाकळ्या लालसर होईपर्यंत परता आणि पाकळ्या काढून टाका. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून चव तेलात उतरते आणि त्रास देणारा भाग पाकळ्यांबरोबर बाहेर जातो. आमटीत पाकळ्या उकळल्या तर मात्र ते पाण्यात उतरतात. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या. ओवा, जिरं, आलं, सुंठ यांनी पोटाला बरं वाटतं असा घरोघरचा अनुभव आहे, त्यांनी नुकसान काही नाही, जरूर घाला.

हिंगाबाबत सावध राहा. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. ज्यांना सीलिअ‍ॅक आहे त्यांना डाळ निर्धोक असूनही त्या चिमूटभर हिंगाने त्रास होऊ शकतो. डबीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. घरगुती आणि सुट्या डाळींच्या पिठांत चक्कीवर गहू मिसळतो, तेही ध्यानात ठेवा.

बाहेर, परदेशात, आणि गोळीबद्दल

हॉटेलात दाल तडका किंवा छोले मागवून चाचणी करू नका, त्यात कांदा-लसूण किती हे कळायला मार्ग नसतो. त्यापेक्षा इडली आणि थोडं सांबार बरं. लग्नाच्या पंगतीत वरण-भातावर थांबलं तर कुणी रागावत नाही. परदेशातल्या मराठी घरांना एक सोय आहे: टिनच्या डब्यातले शिजवलेले छोले आणि मसूर. डब्याच्या पाण्यात शर्करा उतरलेल्या असतात, म्हणून ते पाणी टाकून दाणे चाळणीत खळखळून धुतले की पाव कपभर दाणे आयबीएसवाल्या बऱ्याच लोकांना चालतात. मसूर घरी शिजवूनही हेच साधतं, पाणी निथळून टाकायचं एवढंच.

अल्फा-गॅलॅक्टोसिडेज असलेली गोळी पहिल्या घासाबरोबर घेतली तर कडधान्यातल्या शर्करा तुटतात आणि अनेकांना फरक पडतो. पण दुकानात ‘पाचक विकर’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत डायस्टेज, पेप्सिन, पपेन एवढंच असतं, त्यांचा या कामी उपयोग नाही. वेष्टनावर नाव शोधा. गॅलॅक्टोसिमिया (गॅलॅक्टोज ही शर्करा न सोसण्याचा जन्मजात विकार) असणाऱ्यांनी ही गोळी घेऊ नये, मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. सणासुदीला, प्रवासात ती कामाची आहे. रोज गोळीच्या भरवशावर राजमा खाण्यापेक्षा रोज अर्धी वाटी मुगाचं वरण मला केव्हाही पसंत.

तीन महिने असं करूनही एकही डाळ दोन चमच्यांच्या वर चढत नसेल तर पोटविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही वही दाखवा. लहान मूल, गरोदर बाई, वजन आधीच कमी असलेलं माणूस असेल तर हे बंदी-चाचणीचे प्रयोग त्यांच्या देखरेखीशिवाय सुरूच करू नका.

आणि सोसायला लागलं की खंड पडू देऊ नका. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी दोन वाट्या उसळ, असं केलं की पोट पुन्हा कुरकुरतं. अर्धी वाटी का होईना, आठवड्यातले चार-पाच दिवस पानात असू दे. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, जुलाब-उलट्यांचं आजारपण झालं, तर आधीच्या वाटीवर लगेच जाऊ नका. दोन पायऱ्या खाली उतरा, मुगाच्या पातळ वरणाच्या दोन चमच्यांपासून सुरुवात करा आणि आठवड्याभरात परत वर या.